पहिले वाफेचे इंजिन : डोलणारा सिलिंडर की स्लाइड व्हॉल्व्ह, भंगार की नवा बार?

घरी वाफेचे छोटे इंजिन बनवायचे ठरले की दोन प्रश्न एकदमच उभे राहतात: इंजिन कोणत्या जातीचे, आणि माल भंगारातला की नवा. नाशिककराला दुसरा प्रश्न जरा जास्तच छळतो, कारण सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींच्या वर्कशॉपमधले धातूच्या बारचे (सळईचे) कटपीस आणि भांडी बाजारातली तांब्या-पितळेची मोड, दोन्ही हाताशी आहेत. आमचे मत आधीच सांगतो. लेथ नसेल तर डोलणारा सिलिंडर, तोही भंगारातून. लेथ असेल आणि चालवता येत असेल तर सरळ स्लाइड व्हॉल्व्ह. बॉयलर मात्र दोन्हींसाठी नव्या तांब्याचाच.

डोलणारा सिलिंडर

यात व्हॉल्व्ह म्हणून वेगळा भाग नसतो. सिलिंडर स्वतःच एका पिनवर डोलतो. डोलताना त्याच्या अंगातले छिद्र मागच्या उभ्या पट्टीतल्या दोन छिद्रांवर आळीपाळीने येते. एकातून वाफ आत येते, दुसऱ्यातून बाहेर जाते. हलणारे भाग मोजून चार: सिलिंडर, दांड्यासकट दट्ट्या, क्रँक आणि फ्लायव्हील. बेंच ड्रिल, कानशी, दोन-तीन टॅप, एक रीमर आणि व्हर्नियर एवढ्यावर काम होते.

मापे मात्र सुटी सुटी ठरवून चालत नाहीत. समजा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 12 मिमी, क्रँकची त्रिज्या 10 मिमी म्हणजे स्ट्रोक (दट्ट्याची चाल) 20, आणि डोलण्याच्या पिनपासून क्रँकशाफ्टच्या केंद्रापर्यंत 45 मिमी. मग सिलिंडर दोन्ही बाजूंना सुमारे 13 अंश झुकतो. पिनपासून 15 मिमीवर वाफेचे छिद्र असेल तर ते मध्यरेषेपासून 3.3 मिमी सरकते. म्हणून पट्टीतली दोन छिद्रे मध्यरेषेच्या डाव्या-उजव्या बाजूला 3.3 मिमीवर मारायची, ड्रिल 3 मिमीचे. वाफ भरपूर जावी म्हणून इथे साडेतीनचे ड्रिल घातले की काम बिघडते. दट्ट्या टोकाला असताना सिलिंडरचे छिद्र पट्टीतल्या दोन्ही छिद्रांवर एकाच वेळी चढते, आलेली वाफ सरळ बाहेर पळते, इंजिन फुसफुसत राहते आणि जोर धरत नाही.

दुसरा हमखास घोटाळा म्हणजे पिनचे भोक सिलिंडरच्या पट्टीवर घासणाऱ्या सपाट तोंडाला काटकोनात नसणे. हाताच्या ड्रिलने हे भोक मारूच नका. तोंड सपाट करायला जाड काचेवर 400 आणि मग 800 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, तोंडावर मार्करच्या रेघा ओढून इंग्रजी आठच्या आकड्यात घासायचे. सगळ्या रेघा सारख्याच पुसल्या गेल्या की तोंड बसले. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट वापरू नका, तिचे कण मऊ पितळात रुततात आणि नंतर तेच पितळ खात राहतात. पिनवरची स्प्रिंग बॉलपेनची पुरते. गळते म्हणून ती आवळली की घर्षण वाढते आणि इंजिन थांबते. गळती तोंडात शोधावी, स्प्रिंगमध्ये नाही.

या जातीचा एक गुण नवशिक्याला फार उपयोगी पडतो. थंड सिलिंडरात वाफेचे पाणी साचले तर तो पट्टीपासून किंचित उचलला जातो आणि पाणी निसटते. काही मोडत नाही.

स्लाइड व्हॉल्व्ह

इथे सिलिंडर जागेवर घट्ट, पेटीत पुढे-मागे सरकणारा व्हॉल्व्ह पोर्टे (वाफेच्या वाटा) उघडतो-मिटतो आणि वाफ दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी काम करते. इंजिन खऱ्या इंजिनासारखे दिसते, चालते आणि हळूही फिरते. पण व्हॉल्व्हची पेटी, एक्सेंट्रिक (व्हॉल्व्ह हलवणारी, केंद्र सोडून बसवलेली चकती), क्रॉसहेड (दट्ट्याचा दांडा सरळ रेषेत ठेवणारा भाग), ग्लँड (दांड्याभोवतीची गळती रोखणारा भाग) धरून भाग पंचवीस-तीसच्या घरात जातात, आणि लेथ व चार जबड्यांचा चक याशिवाय पुढे सरकत नाही. सातपूरला जॉबवर्क देता येते, मात्र टर्नरकडे प्रत्येक भागाचे माप टॉलरन्ससह (किती कमी-जास्त चालेल त्यासह) कागदावर न्यावे आणि सगळे भाग एकदमच द्यावेत. एकेक भाग नेत राहिलात तर दर वेळी सेटिंगचे पैसे जातात.

व्हॉल्व्हचा हिशेब समजला तर अर्धे इंजिन समजले. वाफेची दोन्ही पोर्टे 2 मिमी रुंद, मधले बाहेर जाणारे 4 मिमी, त्यांच्यामधल्या भिंती 2-2 मिमी धरा. पोर्टांची एकूण लांबी 12 मिमी झाली. दोन्ही टोकांना अर्धा मिमी लॅप, म्हणजे मध्यावर असताना पोर्टाबाहेर जाणारा व्हॉल्व्हचा भाग, ठेवला की व्हॉल्व्ह 13 मिमीचा, आतली पोकळी 8 मिमीची. व्हॉल्व्हची चाल दोन अधिक अर्धा, त्याची दुप्पट म्हणजे 5 मिमी. एक्सेंट्रिकची त्रिज्या अडीच. एक्सेंट्रिक क्रँकच्या पुढे 90 नाही तर 101 ते 102 अंशांवर बसवायचा, कारण लॅप भरून काढायला साडेअकरा अंश जादा लागतात. तो 90 वर बसवला तर वाफ उशिरा येते, इंजिन धडपडत चालते आणि दोष पेटीच्या झाकणाआड असल्याने कळत नाही. म्हणून झाकण न लावता फ्लायव्हील हाताने फिरवून दोन्ही पोर्टे सारखी उघडतात का ते पाहावे, मगच एक्सेंट्रिकचा स्क्रू आवळावा. सिलिंडरच्या दोन्ही टोकांना पाणी काढायचे बारीक कॉक हवेतच.

बाहेरून कास्टिंगचा संच मागवायचा विचार असेल तर इंग्लंडच्या स्टुअर्ट कंपनीचे 10 व्ही हे उभे इंजिन पाहण्यासारखे आहे, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही पाऊण इंच. त्यात बीए (जुने ब्रिटिश बारीक) आटे असतात, त्यांचे टॅप-डाय वेगळे घ्यावे लागतात हे खर्चात धरा.

भंगारात काय उचलावे

अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने 2017 मध्ये हटवला आणि पुन्हा बसल्यावर 2025 मध्येही, त्यामुळे जुन्या पत्त्यावर विसंबून निघू नका. चांगला माल बहुधा छोट्या टर्निंग शॉपमध्येच मिळतो. वजनावर कटपीस मागा. जाताना चुंबक, कानस आणि व्हर्नियर खिशात ठेवा.

जुन्या प्रिंटरमधला गाईड रॉड सरळ आणि ग्राइंड केलेला असतो. क्रँकशाफ्टला त्याहून चांगला माल नव्यात शोधूनही सहज मिळत नाही. शिलाई मशीनचे बिडाचे हातचाक फ्लायव्हीलला चालते, भोक मोठे असल्याने बुश घालावा लागतो. पितळी स्टोव्हच्या पंपाची नळी सिलिंडरला जमते, पण ती पातळ असते. सपाट तोंडासाठी तिला पितळी ठोकळा डाखावा लागतो. चकचकीत नळ दिसला की कानशीचा एक घाव घाला: खाली पिवळे दिसले तर पितळ, करडे दिसले तर मुख्यतः जस्ताची डायकास्ट (साच्यातली ओतीव), ती सोडा. गॅस भरलेले शॉक ॲबसॉर्बर कापू नका. आत दाब असतो.

ॲल्युमिनियमच्या सिलिंडरात ॲल्युमिनियमचा दट्ट्या घातला तर दोन्ही एकमेकांना धरतात. साध्या पोलादाचा दट्ट्या एका रात्रीत गंजतो. पितळी सिलिंडरात गनमेटलचा (तांबे-कथिलाचा मिश्रधातू) किंवा बिडाचा दट्ट्या, ही जोडी चांगली.

स्लाइड व्हॉल्व्हचा सिलिंडर मात्र भंगारातल्या ओतीव तुकड्यातून काढू नये. ओतकामातले पोकळ छिद्र शेवटचा अर्धा मिमी बोअर काढतानाच समोर येते आणि दोन रविवारांची मेहनत मोडीत जाते. तिथे नवा गनमेटल बार स्वस्त पडतो.

वाफ किती लागते, आणि बॉयलर

निवड करताना हीच बाजू लोक विसरतात. वरचा 12 बाय 20 चा सिलिंडर एका फेरीत सव्वादोन सीसी वाफ घेतो. 1 किलो दाबावर (चौरस सेंमीला) मिनिटाला 600 फेऱ्या धरल्या तर दर मिनिटाला पाणी दीड ग्रॅम जाते. गळती आणि थंडावा धरून तीन धरा. शंभर मिलि पाण्यात अर्धा तास निघतो आणि स्पिरिटचा दिवा पुरतो. 20 बाय 25 चा, दोन्ही बाजूंनी वाफ घेणारा स्लाइड व्हॉल्व्हचा सिलिंडर 400 फेऱ्यांना त्याच हिशेबाने मिनिटाला चौदा ग्रॅम घेतो. तेवढेच पाणी सात मिनिटांत संपते, म्हणजे बॉयलर, बर्नर आणि पाण्याचा पंप, सगळेच मोठे. म्हणून कोणतेही इंजिन आधी कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवून घ्यावे.

बॉयलरला तांब्याची नवी नळी, 50 मिमी व्यास आणि दीड मिमी जाडी, टोकांना 2 मिमीच्या वळवलेल्या पत्र्याच्या तबकड्या, मधून एक स्टे (दोन्ही तबकड्यांना धरून ठेवणारी सळई). जुन्या बंबाचा पत्रा मोहात पाडतो, पण त्याची जाडी जागोजागी वेगळी असते आणि जुना डाख आत लपलेला असतो. पितळी नळीतले जस्त गरम पाण्यात निघून जाते आणि भिंत गुलाबी, भुसभुशीत होते. स्टोव्हची टाकी, आग विझवायचा सिलिंडर, फ्रिजच्या गॅसचा डबा यांना हातही लावू नका. कुकरच्या शिट्टीच्या नळीला होज जोडून वाफ घेणेही वाईट, कारण दाब सोडण्याचा मुख्य मार्गच तुम्ही अडवता.

जोड चांदीच्या डाखाचे हवेत. कथिलाचा डाख 183 अंशांना वितळू लागतो आणि 2 किलोला वाफ असते सुमारे 133 वर. फरक पुरेसा वाटतो, पण पाणी खाली गेले की ज्योत थेट जोडावर येते आणि तो सुटतो. सराफ बाजारात डाख घेताना कॅडमियम नसलेलाच मागा, त्याचा धूर विषारी असतो. तांबे उष्णता झपाट्याने पसरवते, त्यामुळे सोनाराच्या बारीक फुंकणीने पन्नासची नळी तापत नाही. एलपीजीचा मोठा बर्नर आणि भोवती विटांचा आडोसा लागतो.

कायद्यात 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेचे पात्र बॉयलर धरलेले नाही, म्हणजे या बॉयलरची तपासणी कोणी येऊन करणार नाही. ती तुम्हीच करायची. आत हवा अजिबात न ठेवता पाणी पूर्ण भरा आणि हातपंपाने 4 किलोपर्यंत, म्हणजे बॉयलरच्या 2 किलो कमाल चालू दाबाच्या दुप्पट, दाब चढवून दहा मिनिटे तसाच ठेवा. दाबमापकाचा काटा हलला, थेंब दिसला किंवा तबकडी फुगली तर पुन्हा डाख. सेफ्टी व्हॉल्व्ह 2 किलोला उडतो की नाही ते पहिल्या वाफेवर, इंजिन न जोडता, आग पूर्ण ठेवून पाहा. दाब त्यापुढे चढत राहिला तर व्हॉल्व्हचे भोक लहान आहे. स्प्रिंग सैल करू नका, भोक मोठे करा.