कायम रात्रपाळी की फिरती पाळी?

टपाल वर्गीकरणाच्या कामावर नव्याने लागलेल्या भाचीला दोन्हींतून एक निवडायचं आहे.

आधी झोप बघ. दिवसाची झोप तुटक आणि कमीच होते. कायम रात्रपाळीत निदान वेळ ठरलेली असते. ती सुट्टीतही पाळलीस तरच शरीर थोडंफार जुळवून घेतं. फिरतीत घडी बसते न बसते तोच पाळी बदलते. सकाळ, दुपार, रात्र असा क्रम सोसवतो, उलटा फार जड जातो. रात्र संपवून त्याच दिवशी दुपारी हजर होणं तर नकोच गं, मधली विश्रांती मागून घे.

पहाटे ३ ते ५ पत्ते वाचताना डोळे फसतात, दोन्हीकडे.

माणसांसाठी वेळ फिरतीत जास्त.

दिवसा अंधारी, शांत खोली मिळणार असेल तर कायम रात्र घे. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर फिरती.