ठाणेकरालाच ठाणं दाखवतो म्हणाला आणि २२,५०० घेऊन गेला

एकूण २२,५०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण चार नातेवाइकांना 'फार काही नाही गेले' असं खोटं सांगून झालंय. पैशांपेक्षा लाज जास्त आहे. माझा जन्म ठाण्यातला, तलावपाळीला चकरा मारत मोठा झालो, आणि मलाच ठाणं पायी फिरवून दाखवायचे पैसे मी अनोळखी माणसाला दिले.

जानेवारीत नाशिकहून बायकोची मावशी आणि काका आले होते. काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याला जिथे गोळ्या घातल्या त्या विजयानंद थिएटरची गोष्ट त्यांनी वर्गात शेकडो वेळा सांगितली असेल. पण त्या खुनासाठी अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला जिथे फाशी दिली, तो ठाण्याचा तुरुंग त्यांनी आतून कधी पाहिला नव्हता. नेमकं तेव्हाच सोसायटीच्या ग्रुपवर पोस्टर आलं. रविवारी सकाळी चालत वारसा फेरी: कोपिनेश्वर, जांभळी नाका, सेंट जॉन चर्च, आणि 'खास परवानगीने' तुरुंग असलेला किल्ला व फाशीची जागा. माणशी ४५०.

फोन लावला. पोरगा गोड बोलणारा. किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १८१६ मध्ये त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून इथूनच निसटले, सगळं न अडखळता. मी पाघळलो. तुम्हीही पाघळला असता. अडाण्यासारखं बोलणाऱ्याला कोणी पैसे देत नाही.

आम्ही सहा जण: मी, बायको, दोन मुलं, मावशी, काका. नोंदणीचे २,७००. दोन दिवसांनी 'तुरुंग परवाना शुल्क' माणशी ३००, म्हणजे १,८००. मग 'परत मिळणारं डिपॉझिट' माणशी ५००, म्हणजे ३,०००. झाले ७,५००. शिवाय परवान्यासाठी सहाही जणांच्या आधारचे फोटो. हो, पाठवले. पुढून-मागून.

शुक्रवारी रात्री मेसेज आला: 'मोबाइल सोबत ठेवा, आत फोटो काढता येतील.' हा मेसेज मी अजून पुसलेला नाही, रोज एकदा वाचतो. अरे, तो चालू तुरुंग आहे! आत आजही कैदी आहेत. तिथे सहा जण मोबाइल घेऊन सेल्फी काढत फिरणार? हे मी मोठ्याने वाचून दाखवलं, तेही कौतुकाने! सोफ्यावर पोस्टर बघत बसलेले काका म्हणाले, "जावईबापू, यात लिहिलंय पहिली रेल्वे ठाण्याहून सुटली. १६ एप्रिल १८५३ ला ती बोरीबंदरहून सुटली आणि ठाण्याला पोचली. माणूस जरा तपासून घ्या." मी म्हणालो, "काका, टायपिंगची चूक असेल." शाळेतलं पोरही करणार नाही अशी चूक, आणि तिची वकिली मी केली. पाहुण्यांसमोर आपणच ठरवलेला बेत मोडायचा नव्हता, दुसरं काय.

रविवारी साडेसहाला तलावपाळीवरच्या गडकरी रंगायतनसमोर. आमच्यासारखीच आणखी तीन कुटुंबं, पायात बूट, हातात पाण्याच्या बाटल्या. सात वाजले तरी कोणी नाही. सव्वासातला फोन आला: "सर, तुरुंगात अचानक तपासणी लागली, परवानगी रद्द. पूर्ण पैसे लगेच परत करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा." स्कॅन केला, ७,५०० दिसले, पिन टाकला. पैसे मिळवायला पिन लागत नाही हे मी आईला दहादा शिकवलंय. पण मागे पाच माणसं उभी, मावशी विचारतायत "काय झालं हो?", तो फोनवर घाई करतोय. वर म्हणाला, "सर, फेल झालं, पुन्हा करा." पुन्हा केलं. आणखी ७,५००. मग फोन बंद. डेंगळ्यांची गोष्ट सांगणारा स्वतःही तसाच निसटला.

पुढचं ऐका. त्याच दिवशी अकराला पोलीस ठाण्यात गेलो. "सायबरचं बघणारे साहेब उद्या येतील." सोमवारी साहेब भेटले. "पैसे कुठे बसून पाठवले?" पहिले ७,५०० घरातून, उरलेले तलावपाळीवरून. "मग १५,००० आमच्याकडे येत नाहीत, ती हद्द वेगळी." त्या हद्दीत गेलो तर म्हणे, खातं तुमच्या घराकडच्या शाखेत आहे, तिकडेच करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवावीच लागते, हे छापून नेलं. "वकील आहात का?" नाही. "मग बसा." पावणेदोन तास बसलो. शेवटी एका कागदावर शिक्का मिळाला, आणि फुकटचा टोमणा: "पिन तुम्हीच टाकलात ना? मग चोरी कसली?" बँकेच्या शाखेत तर बाईंनी मान वर न करता सांगितलं, "आम्ही एसएमएस पाठवतो, तुम्ही वाचत नाही." अर्ज तीन प्रतींत द्या म्हणाल्या. दिला. पाच आठवडे झाले.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला मी फोन केला दुपारी चारला. ही चूक करू नका. उभ्या जागेवरून लावा, चहा-नाश्ता नंतर. पैसे अजून समोरच्याच्या खात्यात असतील तरच अडवता येतात. आधारचं बायोमेट्रिक त्याच दिवशी लॉक करा, मी आठवड्याने केलं. आणि सोसायटीच्या ग्रुपवर आलं म्हणजे कोणीतरी खात्री केली असेल, असं समजू नका. पोस्टर टाकणाऱ्या शेजाऱ्याला विचारलं तर म्हणाला, मी फक्त फॉरवर्ड केलं.

त्या सकाळी शेवटी काकांनीच आम्हाला फिरवलं. कोपिनेश्वर, बाजार, मग मामलेदारची मिसळ. तुरुंगाच्या भिंतीपाशी बाहेरच उभं राहून त्यांनी हात जोडले. मला एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

काल बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर नवं पोस्टर आलंय. घोडबंदर किल्ला, सूर्योदय फेरी, माणशी ४९९. नंबर वेगळा, नाव वेगळं, पण खाली तीच ओळ: 'डिपॉझिट परत मिळेल.'