डे केअरचे चौदा महिने

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. वय 34, आजार बारा वर्षांचा. पुण्यातल्या एका डे केअरमध्ये, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांच्या दिवसभराच्या केंद्रात, तो जायला लागला त्याला या महिन्यात चौदा महिने झाले. शोधाशोध करत होते तेव्हा डॉक्टरांचे लेख भरपूर सापडले, पण ज्यांच्या घरचं माणूस प्रत्यक्ष जातंय त्यांनी लिहिलेलं फारसं हाती लागलं नाही. म्हणून हे लिहितेय. केंद्राचं नाव देत नाही, कारण तक्रारीही आहेत आणि भाऊ उद्याही तिथेच जाणार आहे.

वेळ दहा ते चार, रविवारी सुट्टी, फी महिन्याला साडेतीन हजार. सकाळी प्रार्थना आणि हलका व्यायाम, मग पेपरवाचन, मग काम: कागदी पिशव्या, दिवाळीआधी पणत्या रंगवणं, उटण्याची पाकिटं भरणं. आठवड्यातून एकदा गटचर्चा. इथे आजारी माणसाला 'शुभार्थी' म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फार गोड-गोड वाटलं होतं. आता आईसुद्धा फोनवर "मी शुभंकर बोलतेय" म्हणते. 'पेशंट' म्हटलं की भाऊ उठून आत जायचा, 'शुभार्थी'ला बसून राहतो. तेवढं पुरे.

पहिले तीन महिने बरे गेले. चौथ्या महिन्यात एका सोमवारी तो पांघरूण डोक्यावर घेऊन पडला तो पडलाच. एकोणीस दिवस गेला नाही. आई रडकुंडीला आली, मी रजा टाकून ओरडाआरडा केला (चूक, माहीत आहे). तिसऱ्या दिवशी केंद्रातून फोन आला. सहाव्या दिवशी तिथले एक दादा घरी आले. मला वाटलं आता समजावतील. त्यांनी चहा मागितला, बाहेरच्या खोलीत बसले, आईशी आंब्याच्या लोणच्याबद्दल बोलले आणि निघताना आतल्या खोलीच्या दारातून "येतो रे, बुधवारी कॅरम आहे" एवढंच म्हणाले. असे तीनदा आले. तिसऱ्या खेपेला भाऊ बाहेर येऊन बसला, चहात बिस्किट बुडवलं, काही बोलला नाही. विसाव्या दिवशी सकाळी सव्वानऊला चपला घालून दारात उभा होता. त्या साडेतीन हजारांत मला काय मिळतं असं कुणी विचारलं तर मी या तीन चहांचं नाव घेईन. पिशव्या काय, घरीही चिकटवता येतात.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शुभंकरांचा स्वमदत गट बसतो, त्याची फी नाही. मी 'दुसऱ्यांची रडगाणी कोण ऐकणार' म्हणून चार महिने टाळला. घरच्यांनी सतत टोकणं किंवा अति काळजी करणं यानं आजार पुन्हा उसळण्याची शक्यता वाढते, हे संशोधक 1970च्या दशकापासून सांगत आलेत. डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं, पण पटलं गटात. एका काकांनी आईला विचारलं, "वहिनी, गोळी घेतलीस का हे दिवसातून किती वेळा विचारता?" आई म्हणाली दोनदा. त्या आठवड्यात मी मोजलं: अकरा वेळा. मग सात दिवसांच्या कप्प्यांची प्लास्टिकची डबी आणली. कप्पा रिकामा दिसला की विषय संपला. आता आई डबीकडे बघते आणि तोंड मिटून ठेवते, हे तिला औषधाइतकंच जड जातं.

औषधावरून आठवलं. त्याला क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध सुरू झालं तेव्हा पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागलं, पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना हे बघायला. केंद्रात ती सोय नाही, लॅबच्या खेपा आपल्याच. झोपेत लाळ इतकी गळते की उशीवर टॉवेल घालावा लागतो; हे मला गटातल्या एका ताईंनी आधी सांगितलं म्हणून घाबरले नाही. आणखी एक: केंद्रात सिगारेटला बंदी आहे. ठीकच आहे, पण क्लोझापिनवर असलेल्या माणसाची सिगारेट डॉक्टरांना न सांगता एकदम तोडू नका. धूम्रपान थांबलं की रक्तातलं औषधाचं प्रमाण चढतं.

कागदपत्रांत केंद्रानं खरी मदत केली. 2016च्या अपंग हक्क कायद्यानुसार मानसिक आजार अपंगत्वात मोडतो. प्रमाणपत्रात अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त लागलं तर बरेचसे लाभ मिळतात. तिथल्या समाजसेविकेनं यूडीआयडी कार्डाचा (अपंगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरून दिला. पुढे सरकारी दवाखान्याच्या तीन चकरा झाल्या. दुसऱ्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा वार बदललाय हे गेटवर कळलं. प्रमाणपत्र तात्पुरतं मिळालंय, पुन्हा जावं लागेल. जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या अपंग भावासाठी बहिणीलाही 75,000 रुपयांची वजावट मिळते, हे माझ्या सीएनं नाही, गटातल्या एका आजोबांनी सांगितलं.

आता तक्रारी. शनिवारी रात्री तो बिथरला तर केंद्राचा उपयोग शून्य. त्यांनी तसं आधीच सांगितलं होतं, तरी राग येतोच. अशा एका रात्री दोन वाजता मी 14416 लावला. ही टेली-मानस ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली सरकारी हेल्पलाइन, मोफत, चोवीस तास. मराठीत बोलणारी मुलगी मिळाली, चाळीस मिनिटं बोलली. भावाशी नाही, माझ्याशीच. घरी कुणी येत नाही, फोनवर जेवढं होतं तेवढं.

दुसरं, एमएसडब्ल्यूचे (समाजकार्याचे) विद्यार्थी प्रशिक्षणाला येतात, शुभार्थी त्यांच्याशी जुळतात आणि वर्ष संपलं की ते विद्यार्थी जातात. भाऊ त्यानंतर दोन आठवडे गप्प होता. तिसरं, बावीस वर्षांच्या पोराला आणि साठीच्या गृहस्थांना एकच काम. चौथं केंद्राच्या माथी मारता येणार नाही: चोवीस जणांत बायका फक्त पाच. मुलीला 'असल्या ठिकाणी' पाठवलं तर लग्नाचं काय, ही चिंता मी गटात स्वतः ऐकलीय.

दिवाळीत त्याला कामाचे सहाशे रुपये मिळाले. आईला वाटलं देवापुढे ठेवेल. त्यानं केंद्रातल्या तिघांना वडापाव खिलवला, उरलेल्याचा मोबाईल रिचार्ज मारला. बारा वर्षांत त्यानं कुणाला काही खिलवल्याचं मला आठवत नाही.

तुम्ही केंद्र बघायला जाल तेव्हा इमारत, हॉल, संगणक दाखवतील. बघा. पण एक प्रश्न नक्की विचारा: माणूस यायचा थांबला तर तुम्ही काय करता? याआधी मी एका ठिकाणी विचारलं होतं. काउंटरवरच्या बाई रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाल्या, "वेटिंगवाल्याला घेतो."