यशिका-मॅट १२४जी, मिनोल्टा ऑटोकॉर्ड की रोलीकॉर्ड व्हीबी? आठ महिन्यांच्या वापरानंतर

हे तिन्ही जुने, दोन लेन्सचे फिल्म कॅमेरे (ट्विन-लेन्स रिफ्लेक्स): वरच्या लेन्समधून आरशामार्फत पाहून फोकस करायचा, खालच्या लेन्सने फोटो निघतो. तिन्ही आठ महिने आलटूनपालटून वापरले. तिघांतही १२० नंबरचा रुंद फिल्म रोल, ६×६ सेंमीचा चौकोन आणि रोलमागे १२ फोटो. तिन्हींच्या लेन्स टेसार या जुन्या जर्मन लेन्सच्या धाटणीच्या, चार काचांच्या, एफ/३.५ च्या (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं): यशिकाची यशिनॉन ८० मिमी, ऑटोकॉर्डची रोक्कोर आणि रोलीकॉर्डची श्नायडर झेनार ७५ मिमी. एफ/८ वर काढलेली निगेटिव्ह हातात घेऊन कॅमेरा ओळखून दाखवणं अवघड आहे. पूर्ण उघड्या लेन्सला कोपरे तिघांचेही मऊच येतात, मध्यभागी रोक्कोर किंचित सरस वाटते. म्हणून लेन्सच्या नावावरून निवडू नका. फिल्म पुढे कशी सरकते, फोकस कशाने होतो आणि समोरचा नग कोणत्या अवस्थेत आहे, निकाल त्यावर लागतो.

यशिका १२४जी १९७० ते १९८६ या काळात बनत होता. फोकसचा नॉब डावीकडे आणि फिल्म पुढे सरकवायची क्रँक (फिरवायचा दांडा) उजवीकडे असल्याने हात बदलावे लागत नाहीत, त्यामुळे माणसांचे फोटो काढताना तिघांत हाच सर्वांत वेगवान. क्रँक अडेपर्यंत पुढे, मग अडेपर्यंत मागे. मध्येच जड लागली तर तिथेच थांबा. आतले गिअर नाजूक आहेत आणि जोर लावला की फ्रेमांमधलं अंतर बिघडतं. उजेड मोजणारा मीटर १.३५ व्होल्टच्या पारा बॅटरीवर बेतलेला आहे. ती आता मिळत नाही. १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर मीटर उजेड जास्त दाखवतो आणि फिल्मला उजेड कमी पडून निगेटिव्ह पातळ येते. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल रबरी रिंगमध्ये बसवला की व्होल्टेज जुळतं, मात्र तो महिना-दोन महिन्यांत संपतो. वरचं, आत पाहायचं झाकण उघडलं की मीटर सुरू होतो, तेव्हा काम झालं की ते मिटवा. खरं सांगायचं तर या मीटरसाठी जास्त पैसे मोजू नयेत. यशिनॉन लेन्सची, बिनमीटरची जुनी यशिका-मॅट तेच फोटो देते. मागच्या झाकणाचा काळा फोम या मॉडेलात हमखास चिकट होतो आणि त्याचे कण फिल्मवर पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पूर्ण खरवडून नवा पातळ फोम लावायचा. रोलीकॉर्डमध्ये उजेड अडवायला फोम नाही, झाकणाच्या कडेला खाचच आहे. साठ वर्षं जुन्या यंत्रात हे मोठं सुख.

ऑटोकॉर्डमध्ये फिल्म वरून खाली सरकते. बाकी दोघांत ती खालून वर जाते आणि उजेडापुढे येण्याआधी रोलरवर काटकोनात वळते. रोल तसाच रात्रभर राहिला तर वळलेला भाग पुढच्या फ्रेममध्ये येतो आणि तेवढ्या पट्ट्यात फोकस ढळू शकतो. यावर उपाय सोपा आहे: फोटो घेण्याच्या लगेच आधी फिल्म पुढे घ्यायची, आदल्या दिवशी नाही. ऑटोकॉर्डला ही काळजी नाही. त्याचा कच्चा दुवा म्हणजे लेन्सखालचा फोकसचा लिव्हर. तो ठिसूळ ओतीव धातूचा आहे. हेलिकॉइडचं (लेन्स पुढे-मागे करणाऱ्या आट्यांचं) जुनं ग्रीस घट्ट झालेलं असताना बोटाने रेटला की मोडतो, आणि सुटा भाग सहजी मिळत नाही. विकत घेताना हा लिव्हर एका बोटाने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, न अडखळता फिरायलाच हवा. नाही फिरला तर आधी ग्रीस बदलून घ्या, मगच रोल घाला.

रोलीकॉर्ड व्हीबीला (१९६२ पासून) क्रँक नाही, नॉब आहे. शटरही वेगळं चढवावं (स्प्रिंग ताणून तयार करावं) लागतं: लेन्सखालचा लिव्हर एका बाजूला ढकलला की चढतं, उलट ढकलला की सुटतं. त्या आडव्या ढकलण्याने १/३० सेकंदाला कॅमेरा हमखास हलतो, म्हणून मंद वेगांना केबल रिलीज (कॅमेऱ्याला न हलवता शटर दाबायची लवचीक तार) लावाच. १/५०० हवा असेल तर शटर चढवण्याआधी लावा, नंतर नाही. त्या वेगाला जास्तीच्या स्प्रिंगवर ताण येतो. हे अंगवळणी पडलं की तिघांत सर्वांत निश्चिंत यंत्र हेच.

घेण्याआधीची सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे वरची आणि खालची लेन्स एकाच अंतरावर फोकस करतात का, ही. मागचं झाकण उघडा आणि फिल्म जिथून सरकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर घासलेल्या काचेचा तुकडा, खडबडीत बाजू लेन्सकडे करून ठेवा. शटर बी वर (दाबून धरेपर्यंत उघडं राहतं), केबल रिलीज लॉक, एफ/३.५. ट्रायपॉडवरून एक मीटरवरच्या वर्तमानपत्राच्या मथळ्यावर वरच्या लेन्समधून पाहून फोकस करा आणि मागच्या काचेवर भिंगाने पाहा. मग दूरचा मोबाइल टॉवर तसाच तपासा. मागे अक्षरं पुसट दिसली, तर बहुधा कुणीतरी लेन्स काढून परत नीट बसवलेली नाही. काचेऐवजी चिकटपट्टी लावू नका, ती झोळ पडून खोटं सांगते.

शटरचा वेग तपासायला फोनचा सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन पुरेसा आहे: १ सेकंदाच्या वेगाला शटर सुमारे २४० फ्रेम उघडं दिसायला हवं, १/१५ ला १६. मंद वेग रेंगाळत असतील तर शटरमध्ये तेल किंवा सुकलेलं ग्रीस आहे.

आपल्याकडच्या उन्हाला आयएसओ १०० चीच फिल्म घ्या (आकडा मोठा तितकी फिल्म उजेडाला जास्त संवेदनशील). भर उन्हात ती १/५०० ला एफ/८ देते. ४०० ची फिल्म त्याच वेगाला एफ/१६ वर अडकते आणि मागची पार्श्वभूमी मऊ करायला वावच उरत नाही. तिन्ही कॅमेऱ्यांना बे १ मापाचं लेन्स हूड (लेन्सवर आडोसा धरणारी कड) चालतं, एकच घ्या आणि कायम लावा. जुन्या कोटिंगवर बाजूचा उजेड पडला की फोटो धुरकट होतो.

आतला आरसा कधीही पुसू नका. चांदीचा थर काचेच्या वरच्या बाजूला असतो, कापडानेही निघतो. फक्त ब्लोअर मारा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा आणि जेल निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत घाला.