युती आधी की निकालानंतर?

मिरजेचा भाचा पंचायत समितीसाठी आघाडी जुळवतोय. विचारतो, "मामा, हात मिळवायचा तो आधी, की निकालानंतर?"

आधी मिळवला तर हक्काचे गण, म्हणजे पंचायत समितीचे मतदारसंघ, सोडावे लागतात आणि नाराज मंडळी अपक्ष उभी राहतात. नंतर मिळवला तर सभापतिपदाचा भाव चढलेला असतो.

टिकाऊपणाचं म्हणाल, तर आपल्या सांगलीचे माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटीलच बघा. १९७८ ला फुटलेल्या दोन्ही काँग्रेस वेगळ्या लढल्या, निकालानंतर एकत्र आल्या. मार्चमध्ये आलेलं दादांचं सरकार जुलैत पडलं. दादांसारखा मुरलेला गडी असून! पण २०१९ ला तर भाजप-शिवसेनेची निवडणुकीआधीची युतीच मुख्यमंत्रिपदावरून मोडली.

नेत्याची दमछाक दोन्हीकडे सारखीच.

स्वतःचं बळ जोखायचं असेल त्यानं नंतर बसावं. भाच्याची माणसं मोजकी, त्यानं आधीच बसावं. फक्त सभापती कोण, ते आत्ताच ठरवून.