सॉफ्ट पेस्टलसाठी जागा: बंद गॅलरी की आतली खोली?

दांडिया बाजारातलं जुनं घर असो की अलकापुरीतला फ्लॅट, बडोद्यात सॉफ्ट पेस्टलला, म्हणजे मऊ रंगीत खडूंनी चित्र काढायला, बसायचं म्हटलं की पर्याय बहुधा दोनच: स्लायडिंग लावून बंद केलेली गॅलरी किंवा आतली खोली. बरेच जण उजेड बघून ठरवतात. माझं मत, आधी धूळ बघा.

या खडूंत रंगद्रव्य भरपूर आणि डिंक नावापुरता. म्हणून तर रंग मखमली उतरतो, आणि म्हणूनच प्रत्येक रेघेबरोबर भुकटी गळते. कॅडमियमसारख्या विषारी धातूंची रंगद्रव्यं श्वासातून आत जाणं वाईटच. आतल्या खोलीत छताचा पंखा लावला की भुकटी गाद्यांवर, कपड्यांवर बसते. आणि मे महिन्यात पारा ४०च्या वर असताना पंखा बंद ठेवायचा तरी कसा? गॅलरीचं मधलं दार लावून घेता येतं, काम झालं की फरशी ओल्या फडक्यानं पुसली की झालं. उन्हाळ्यात मात्र तिथे सकाळीच बसणं जमेल.

जागा कुठलीही घ्या, ईझल (चित्र टेकवायची घोडी) उभं आणि वरून किंचित पुढे झुकलेलं ठेवा. भुकटी चित्रावरून न घसरता सरळ खाली पडते; तिथे ओलं वर्तमानपत्र अंथरा. टेबलावर आडवा कागद घेतला की ती जागीच साचते आणि फुंकर मारायचा मोह होतो. फुंकर नकोच. एन-९५ मास्क लावा.

थेट ऊन येत नाही म्हणून चित्रकार उत्तरेच्या उजेडाचं कौतुक करतात, ते इथे जपून करावं. बडोदे कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन येतं. पातळ पांढरा पडदा हवा. गॅलरीची काच हिरवट असेल तर गुलाबी रंग मळकट दिसतो, ही अडचण त्याहून मोठी. नोकरी करून रात्रीच हात मोकळा होणाऱ्यांना आतली खोली बरी: ५००० केल्व्हिनचा (दिवसासारखा पांढरा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वरचा एलईडी लावला की रंग रोज सारखेच दिसतात. एसी असेल तर त्याची जाळी वरचेवर धुवा. पण घरात तान्हं मूल किंवा दम्याचा माणूस असेल, तर मी गॅलरीच सांगेन.

पावसाळ्यात गॅलरीत वाछट येते, कागद ओल धरतो, बुरशी चढते. त्यामुळे काम गॅलरीत केलं तरी पूर्ण झालेली चित्रं मध्ये ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद घालून आतल्या कोरड्या कपाटात, आडवी ठेवा.