बसून पाहावे असे प्रदर्शन

अंतर्गत वास्तुरचना आणि फर्निचर डिझाइनच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांचे पदवी प्रकल्प पाहायला मी दोनदा गेलो. पहिल्या दिवशी सगळे नजरेखालून घातले आणि दुसऱ्या दिवशी फक्त खुर्च्यांवर बसून पाहिले. दुसरी फेरी जास्त उपयोगी ठरली, कारण येथे हात लावायला मनाई नव्हती. बसा, खण ओढून पाहा, उलटे करून पाहा, असे विद्यार्थी स्वतःच सांगत होते.

सर्वांत जास्त वेळ मी एका घडीच्या खुर्चीपाशी घालवला. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडची ही खुर्ची पाच भागांत सुटते आणि जोडताना एकही अवजार लागत नाही. सुटे भाग करून खुर्ची दूरवर पाठवण्याची कल्पना जुनी आहे. फर्निचर बनवणाऱ्या थोनेट यांच्या १८५९ सालच्या १४ क्रमांकाच्या खुर्चीत सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढेच होते आणि एक घनमीटर खोक्यात तशा छत्तीस खुर्च्या मावत. त्या परंपरेची जाण या विद्यार्थिनीला आहे, हे तिच्या मांडणीवरून कळत होते; पण मला अधिक मोलाचे वाटले ते शेजारी ओळीने ठेवलेले तिचे फसलेले चार नमुने. पहिल्याची पाठ फार सरळ, दुसऱ्याची बैठक मांडीला कापणारी, तिसऱ्याची खाच इतकी सैल की खुर्ची डुगडुगे, आणि चौथ्यात खाचेजवळच प्लायवूडचे थर सुटलेले. पाचव्या खुर्चीवर मी वीस मिनिटे बसलो आणि उठताना कंबरेने तक्रार केली नाही.

त्याच दालनातील भरीव लाकडाच्या जेवणाच्या टेबलाबद्दल मात्र वाईट वाटले. रंधा, पॉलिश, कडांची गोलाई, सगळे काम देखणे होते. पण वरच्या फळीला एका टोकाकडून वीतभर चीर गेली होती. लाकूड हवेतील दमटपणानुसार रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आक्रसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. येथे फळी खालच्या चौकटीला गोंद आणि स्क्रूने घट्ट आवळलेली होती, त्यामुळे तिला हलायला जागाच उरली नाही. चौकटीत लांबट भोके ठेवली असती तर हे टळले असते. ही चूक विद्यार्थ्याच्या आधी मार्गदर्शकांच्या नजरेला पडायला हवी होती.

अंतर्गत वास्तुरचनेचे दालन तुलनेने फिके वाटले. बहुतेक तक्त्यांवर संगणकावर तयार केलेली चित्रे होती आणि जवळपास प्रत्येक चित्रात संध्याकाळचा सोनेरी प्रकाश होता. खोली दुपारी दोन वाजता कशी दिसेल, विजेच्या तारा कोठून जातील, दोन पदार्थ जिथे भेटतात तो सांधा कसा बंद होईल, याची उत्तरे देणारे सेक्शन, म्हणजे खोली उभी कापून आतली रचना दाखवणारे आराखडे, मोजक्याच प्रकल्पांत दिसले. जुन्या गोदामाचे वाचनालय करण्याची कल्पना चांगली होती. पण तिच्यातील पुस्तकांच्या फळ्या मधल्या आधाराशिवाय दोन मीटर लांब दाखवल्या आहेत. तेवढ्याच दाटीने पुस्तके भरली तर लांबी दुप्पट केलेली फळी सोळापट वाकते, म्हणून मधोमध एक उभा आधार दिला तरी या रचनेचे रूप पार बदलले असते. हा विचार चित्र रंगवण्याआधी व्हायला हवा होता.

या दालनातील एका प्रकल्पाने मात्र मला थांबवले. विषय साधा, फिजिओथेरपी केंद्राची प्रतीक्षा खोली. विद्यार्थ्याने तक्त्यांबरोबर खोलीचा एक कोपरा पूर्ण मापात पुठ्ठा आणि प्लायवूडमध्ये उभा केला होता आणि जमिनीवर चिकटपट्टीने १५०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आखले होते; चाकाची खुर्ची वळायला लागते तेवढे. नोंदणीचा काउंटर दोन उंचींचा होता, आणि खालच्या भागाखाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा सोडलेली होती. भिंतीलगतच्या खुर्च्यांना हात होते, कारण गुडघा दुखणाऱ्या माणसाला उठताना आधार लागतो. एक वयस्कर पाहुणे त्या खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले, आणि हात दोन बोटे पुढे हवेत असे म्हणाले. विद्यार्थ्याने लगेच पेन्सिलीने तेथे खूण केली.

प्रकल्पांखालची माहिती फार बारीक अक्षरांत होती आणि काही ठिकाणी मापेच दिलेली नव्हती, एवढी मांडणीतील उणीव सांगायला हवी. जाणाऱ्यांनी हाताशी दोन तास ठेवावेत, फर्निचरचे दालन आधी पाहावे आणि फसलेल्या नमुन्यांसमोर जरूर थांबावे.